पीएमच्या (शवविच्छेदनाच्या) वेळी ‘ब्लॉकेज नाही’ म्हणाले, मग अहवालात मायोकार्डायटिस कुठून आला?

तुमचा २६ वर्षांचा निर्व्यसनी चुलतभाऊ खेळताना कोसळून गेला, आणि पीएमनंतर काही आठवड्यांनी अहवालात मायोकार्डायटिस आला. यात लपवाछपवी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मला तरी तसं वाटत नाही. मी पॅथॉलॉजीत आहे. अशी हृदयं आमच्याकडे तपासायला फॉर्मलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवणाऱ्या द्रावणात, येतात. मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, बहुतेकदा विषाणूमुळे. रक्तवाहिन्या साफ असतात, नुसत्या डोळ्यांना हृदय ठीकच वाटू शकतं. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की स्नायूत घुसलेल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आणि शेजारी मेलेल्या स्नायूपेशी दिसतात, त्याही कुठे कुठेच. एकाच जागचा तुकडा घेतला तर निदान हुकतं, म्हणून अनेक ठिकाणचे तुकडे घेतात. त्याला वेळ लागतो. (‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणतात ते वेगळं, ते विषबाधा तपासायला.)

सूज थोडी असली तरी नको त्या जागी असली, तर हृदयातला विजेचा प्रवाह बिघडतो आणि खालचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. जोराच्या व्यायामात हा धोका वाढतो. स्वीडनमध्ये १९७९ ते १९९२ दरम्यान ओरिएंटियरिंग, म्हणजे नकाशा घेऊन रानातून धावण्याचा खेळ, खेळणारे १६ तरुण असेच अचानक गेले. बऱ्याच जणांच्या हृदयात हीच सूज सापडली. जंतू कोणता यावर वाद राहिला, पण स्पर्धा काही महिने थांबवल्या, आजारपणात सराव नको हे खेळाडूंना बजावलं, आणि पुढची काही वर्षं असे मृत्यू झाले नाहीत.

आधी कळलं असतं का? कधीकधी नाहीच कळत. पण ताप किंवा जुलाबानंतर छातीत दुखणं, धडधड, धाप, चक्कर आली तर ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का, ते सांगणारी रक्ततपासणी) करावं, गरज पडल्यास एमआरआय. बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याची सूज २०२२ च्या जानेवारीत कोविडनंतरच्या तपासणीत सापडली. एप्रिलमध्ये तो पुन्हा खेळला. आपल्याकडे टर्फवर खेळणाऱ्या पोराला असं कोण तपासतंय!

घरात आणखी कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा अहवालात स्नायूच्या जागी चरबी आणि व्रण लिहिले असतील, तर आजार आनुवंशिक असू शकतो, म्हणून त्याच्या सख्ख्या भावंडांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या. शंका असेल तर स्लाइडवर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेता येतं का, तेही त्या विभागात विचारा.