सिंगल-ए मधले .१९८ : मुलाला परत बोलावू का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, बेसबॉल खेळतो : डावखुरा फलंदाज, क्षेत्ररक्षणाला सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध. हायस्कूल संपताच एका क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं, म्हणून कॉलेजची मिळालेली जागा सोडली. यंदा तो फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये, म्हणजे सिंगल-ए पातळीवर (मेजर लीग या सर्वोच्च लीगखाली ज्या मायनर लीग असतात, त्यांतल्या खालच्या पातळ्यांपैकी एक) आहे. जुलैच्या मध्यापर्यंत २४८ वेळा प्लेटवर, म्हणजे फलंदाजीला, गेला, सरासरी .१९८, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) ७४, वॉक (चार वाईट चेंडू पडल्याने फुकट मिळालेला पहिला बेस) ३१, होमरन ४. वजन पाच किलो उतरलंय, फोनवर धड बोलत नाही. मी क्लब क्रिकेट खेळलेलो आहे, मला त्याची बॅट फिरवण्याची पद्धतच चुकतेय असं वाटतं. त्याला परत आणून कॉलेजात घालावं, की बाहेरचा कोच लावावा?

उत्तर : आत्ता परत आणू नका, आणि हंगाम चालू असताना बाहेरचा कोचही लावू नका. तुम्ही सोबत पाठवलेला तक्ता नीट बघितला. त्यात काळजीच्या गोष्टी आहेत, पण त्या .१९८ या आकड्यात नाहीत.

त्याच्या अधिकृत फलंदाजीच्या वेळा (वॉक वगैरे वगळून) २१२ आणि हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठणं, ४२; हिटला या वेळांनी भागलं की सरासरी येते. हिट सात जास्त असते तर सरासरी .२३१ झाली असती आणि बहुधा तुम्ही पत्रही लिहिलं नसतं. एप्रिलपासून जवळपास पंधरा आठवडे झाले, म्हणजे हा फरक दोन आठवड्यांत एका हिटचा आहे. सरासरी स्थिर व्हायला शेकडो चेंडू मैदानात जावे लागतात. स्ट्राइकआउटचं प्रमाण मात्र साधारण ६० वेळा प्लेटवर गेल्यावर आणि वॉकचं १२० च्या आसपास बऱ्यापैकी खरं चित्र दाखवू लागतं. म्हणून आधी तिकडे बघायचं.

नशिबाला फार दोष देता येणार नाही, हेही सांगतो. त्याने मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी, होमरन वगळून, .२७९ या प्रमाणात हिट झाले. नेहमीचं प्रमाण .३०० च्या आसपास असतं, म्हणजे नशिबाने फार तर तीन हिट खाल्ल्या. खरी अडचण स्ट्राइकआउटचीच आहे : २४८ मध्ये ७४, जवळपास ३० टक्के. पण तुमच्याच तक्त्याचे दोन भाग करा. पहिल्या १२८ वेळांत ४४ स्ट्राइकआउट, म्हणजे ३४ टक्के. नंतरच्या १२० वेळांत ३०, म्हणजे २५ टक्के. एकोणिसाव्या वर्षी, त्याच हंगामात, त्याच लीगमध्ये हा उतार पडलाय. समोरचे बरेच पिचर (चेंडू टाकणारे) कॉलेज खेळून आलेले, दोन-तीन वर्षांनी मोठे. त्यात वॉक १२.५ टक्के आहेत. सरासरी .१९८ असूनही तो .३०६ या प्रमाणात बेसवर पोहोचतो. क्रिकेट खेळलेल्या माणसाला वॉक म्हणजे काहीच न केल्यासारखं वाटतं; इथे ती कमाई आहे.

फ्लोरिडा स्टेट लीगचा एक फायदा असा की तिथल्या बहुतेक मैदानांवर मोजणीचे कॅमेरे आहेत आणि मेजर लीगसारखे आकडे सगळ्यांना बघता येतात. तुमच्या तक्त्यानुसार स्ट्राइक झोनमधल्या, म्हणजे प्लेटवरून मारण्याजोग्या उंचीवर येणाऱ्या, चेंडूवर बॅट फिरवली की ८० टक्के वेळा ती चेंडूला लागते. मेजर लीगमध्ये हे ८२ ते ८५ टक्के असतं. झोनबाहेरच्या चेंडूमागे तो २४ टक्के वेळा जातो. मेजर लीगची सरासरी २८ च्या आसपास, म्हणजे त्याची नजर चांगली आहे. सर्वांत जोरात मारलेला चेंडू ताशी १०७ मैलांचा. या वयाला ही ताकद पुरेशी आहे. झोनमधला संपर्क ७५ च्या खाली अडकून राहिला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

आता बॅट फिरवण्याबद्दल. पिचर ६० फूट ६ इंचांवर उभा असतो आणि ९४ मैलांचा फास्टबॉल साधारण ०.४ सेकंदात प्लेटपर्यंत येतो. त्यामुळे चूक बहुतेक वेळा हातात नसते, वेळेत असते. व्हिडिओ हळू करून फक्त पुढचा पाय बघा. तुमचा मुलगा डावखुरा, म्हणजे उजवा पाय. चेंडू अर्ध्या वाटेत आला तरी पाय हवेतच असेल, तर तो उशिरा आहे. मग फास्टबॉल डाव्या बाजूला, तिसऱ्या बेसकडे फाउल जातात. उशीर होतोय हे कळल्यावर फलंदाज अंदाजाने लवकर सुटतो, आणि तेव्हाच स्लायडर या खाली बुडणाऱ्या, वळणाऱ्या चेंडूवर फसतो : एक तर बॅट हवेतून जाते, नाही तर चेंडू दुसऱ्या बेसकडे सरपटत जातो. या दोन्ही चुका एकाच पावलातून येतात. ‘सरळ बॅटने खेळ’ हा आपला सल्ला इथे उपयोगी पडत नाही. उलट क्लबचा हिटिंग कोच एका वेळी एकच गोष्ट बदलत असतो, त्यात घरून दुसरी सूचना गेली की मुलगा प्लेटवर उभा राहून विचार करू लागतो. बाहेरचा कोच हवाच असेल तर नोव्हेंबरनंतर लावा, आणि क्लबला सांगून.

पाच किलो मात्र मला सरासरीपेक्षा जास्त खुपतात. या पातळीवर मंगळवार ते रविवार रोज सामना, हंगामात १३० च्या आसपास सामने, वर फ्लोरिडाची दमट उष्णता. वजन उतरलं की बॅटचा वेग उतरतो, पाय जड होतात आणि वर सांगितलेला उशीर वाढतो. ७५-७६ किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण १२० ते १६० ग्रॅम प्रथिनं लागतात. मुलगा शाकाहारी असेल तर क्लबच्या जेवणातून ती मिळतात का, हे त्याने क्लबच्या आहारतज्ज्ञाला स्वतः विचारायला हवं. दर सोमवारी सकाळी वजन करून लिहून ठेवायला सांगा.

खालच्या पातळीवर पाठवलं तर घाबरू नका. रॉय हॅलाडे या पिचरची २००० मध्ये मेजर लीगमधली धावसरासरी (नऊ डावांमागे दिलेल्या धावा; कमी तितकी चांगली) १०.६४ होती. २००१ मध्ये त्याला थेट याच फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये, डनेडिनला धाडलं आणि चेंडू टाकण्याचा हाताचा कोन बदलून घेतला. २००३ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. मिकी मोनियाक तर २०१६ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, पुढच्या वर्षी सिंगल-ए मध्ये त्याची सरासरी .२३६ होती, २०२० मध्ये तो मेजर लीगमध्ये पोहोचला. अशा उदाहरणांवर निर्णय घेऊ नका, कारण असे बहुसंख्य खेळाडू वर पोहोचत नाहीत. एक वाईट हंगाम म्हणजे निकाल नव्हे, इतकंच त्यातून घ्या.

निकाल कशावरून ओळखायचा तेही सांगतो. जवळपास रोजच्या सामन्याऐवजी आठवड्यात दोनच सामने मिळू लागणं. सेंटर फील्डवरून हळूहळू लेफ्ट फील्डला कायम सरकवणं, कारण तिथे फलंदाजीची अपेक्षा कितीतरी जास्त असते. पुढच्या हंगामाअखेरही स्ट्राइकआउट ३० टक्क्यांवरच असणं. २०२४ पासून क्लबला अमेरिकेतल्या मायनर लीगसाठी १६५ च खेळाडू ठेवता येतात आणि दर जुलैत ड्राफ्टचे नवे येतात. त्यामुळे जुलैअखेर, हंगामानंतर आणि मार्चमध्ये कपात होते. माझ्या मते पुढच्या हंगामाच्या शेवटापर्यंत, म्हणजे तो वीस पूर्ण करेपर्यंत, निर्णय थांबवावा. पैशाचा ताण पूर्वीइतका नाही : २०२३ च्या करारात सिंगल-ए चा वार्षिक पगार ११,००० वरून २६,२०० डॉलर झाला, आणि राहण्याची सोय क्लब करतो.

कॉलेजसाठी त्याचा करार आजच काढून बघा. हायस्कूलमधून घेतलेल्या खेळाडूंच्या करारात बहुधा शिष्यवृत्तीची तरतूद असते. किती सेमिस्टर आणि सेमिस्टरला किती डॉलर, हे आकडे त्यात लिहिलेले असतात. ती वापरायची तर बेसबॉल सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. तरतूद नसेल तर एजंटला लगेच विचारा. स्वतःहून सोडून येण्याआधी तर नक्कीच विचारा, कारण अशा वेळी खेळाडूचे हक्क क्लबकडेच राहतात. दरम्यान ऑक्टोबर ते जानेवारीत कम्युनिटी कॉलेजचा एखादा ऑनलाइन विषय घेता येईल.

सप्टेंबरमध्ये हंगामाअखेरची बैठक होईल. तिथे तुम्ही फोन करू नका, त्यालाच तीन गोष्टी विचारू द्या : पुढच्या वर्षी माझ्यात नेमकं काय बदललेलं बघायचंय, ते कोणत्या आकड्यावर मोजणार, आणि मार्चपर्यंत माझं वजन किती हवं. उत्तरं वहीत लिहून आणायला सांगा. आणि फोन सोमवारी करा, त्या दिवशी सामना नसतो. जेवलास का, झोप होते का, खोलीतली मुलं कशी आहेत, एवढं विचारा. स्कोअर त्याने काढला तरच बोला.