जर्मनीत परिचारिका: मान्यता कुठवर चालते?

आपली मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असून तिला जर्मनीत नोकरी करायची आहे. 'एकदा जर्मनीची मान्यता मिळाली की युरोपीय संघाच्या २७ देशांत कुठेही काम करता येते' असे एजंट म्हणतो, ते खरे का, असे आपण विचारले आहे. हे विधान संघाच्या नागरिकांपुरते बरेचसे खरे आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करणारे आहे.

संघात कुठेही जाऊन काम करण्याचा हक्क सदस्य देशांच्या नागरिकांना आहे. संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार (सदस्य देशांना बंधनकारक नियमानुसार) परिचारिका, डॉक्टर, वास्तुविशारद अशा सात व्यवसायांच्या पदव्या एकमेकांच्या देशांत जवळपास आपोआप मान्य होतात; पण त्या पदव्या संघातल्याच असाव्या लागतात. बाहेरची पदवी जर्मनीने मान्य केली, तरी दुसऱ्या सदस्य देशात तिचा आधार घेण्यासाठी जर्मनीतल्या तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो, आणि त्यानंतरही तिथे राहण्याचा व काम करण्याचा परवाना आणि त्या देशाची भाषा हे प्रश्न उरतातच. संघाच्या ब्लू कार्डावर (संघाबाहेरच्या उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यावर) बारा महिन्यांनी देश बदलणे सोपे होते खरे, परंतु त्याला वेतनाची अट आहे, आणि डेन्मार्क व आयर्लंड त्या योजनेत नाहीत.

तेव्हा पुढची काही वर्षे जर्मनीतच काढायची, असे धरूनच निर्णय घ्यावा. तिथे मान्यतेचे काम राज्यांकडे असते आणि संबंधित कार्यालय तिच्या अभ्यासक्रमाची तुलना करते. संघाचा किमान दंडक तीन वर्षे व ४,६०० तासांचा असून त्यांतले निम्मे तरी तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे लागतात. तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर सहायक म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. म्हणून नुसत्या गुणपत्रिकेवर न थांबता मेडिसिन, सर्जरी, बालरोग, मानसोपचार अशा प्रत्येक विभागात किती तास काम केले याचा शिक्क्यानिशी तपशील तिने आत्ताच कॉलेजातून घ्यावा. परदेशात बसून तो मिळवताना नाकी नऊ येतात. जर्मन भाषेची तयारी साधारण बी-२ पातळीपर्यंत (युरोपीय भाषा-मापनातल्या सहांपैकी चौथ्या पायरीपर्यंत) हवी.

एजंटाकडून मात्र तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मान्यता मिळेपर्यंतचा पगार, भाषावर्गाचा खर्च कोणाचा, आणि नोकरी मध्येच सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल. हे लिहून द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर त्याच्यामार्फत जाऊ नये.