आजार फुप्फुसाचा, मग रक्त का बिघडलं?

प्रश्न: बाबा व्हायरल न्यूमोनियामुळे आयसीयूत आहेत, दोन आठवडे होत आले. हिमोग्लोबिन १३ वरून ८.८ वर आलंय, ब्लीडिंग कुठेच नाही म्हणतात. आरडीडब्ल्यू १७, एनआरबीसी पॉझिटिव्ह, फेरिटिन हजाराच्या वर. व्हायरस लाल पेशी खातोय का? आणि डॉक्टर लोहाचं इंजेक्शन देत नाहीत, रक्तही चढवत नाहीत, असं का?

उत्तर: लाल पेशी बनवणाऱ्या पेशींवरच थेट हल्ला करणारे व्हायरस असतात, पार्व्होव्हायरस बी१९ तसला आहे, पण न्यूमोनियात बहुतेक वेळा गोष्ट वेगळी असते. शरीरात सूज भडकली की आयएल-६ हे सुजेचा निरोप पोचवणारं प्रथिन वाढतं, त्याने लिव्हर हेप्सिडिन नावाचं हॉर्मोन जास्त बनवतं आणि हेप्सिडिन लोहाला साठ्यातून बाहेरच पडू देत नाही. म्हणजे तिजोरी भरलेली, किल्ली गायब. त्यात फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, सुजेमुळे आपोआपही वाढतं, म्हणून तो आकडा बघून लोह भरपूर आहे किंवा कमी आहे असं काहीच ठरवता येत नाही, आणि आत्ता वरून लोह दिलं तरी बरंचसं तिथेच अडकणार, शिवाय इन्फेक्शन चालू असताना डॉक्टर बिचकतातच. रक्तपेशी बनवणारा बोनमॅरोही मंदावलेला असतो. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही, रोजच्या तपासण्यांसाठी काढलेलं रक्त! आयसीयूत दिवसाला ४०-५० मिली सहज जातं. लहान मुलांच्या छोट्या ट्यूब वापरता येतील का, हे बिनधास्त विचारा.

आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे ते, साधारण ११.५ ते १४.५ नॉर्मल. कोविडमधे ॲडमिट होतानाच तो जास्त असलेल्यांमधे मृत्यू जास्त दिसले होते, पण तो फक्त इशारा आहे, त्याच्यावर वेगळं औषध नसतं. एनआरबीसी म्हणजे केंद्रक न गेलेल्या कच्च्या पेशी, मोठ्या माणसाच्या रक्तात एरवी दिसत नाहीत, ऑक्सिजन कमी पडला किंवा सूज फार असली की मॅरोमधून वेळेआधीच बाहेर पडतात. एका रिपोर्टवरून घाबरू नका, आकडा रोज वाढतोय की उतरतोय ते बघा.

लाल पेशी खरंच फुटतायत का हे कळायला हॅप्टोग्लोबिन (सुटं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन), बिलिरुबिन (हिमोग्लोबिन मोडून बनणारं पिवळं द्रव्य), रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) आणि कूम्ब्स टेस्ट (पेशींना चिकटलेल्या अँटीबॉडी शोधणारी) लागते. नुसतं एलडीएच, म्हणजे पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम, वाढलं म्हणून काही सांगता येत नाही, ते फुप्फुसाच्या इजेनेही वाढतं. आरबीसी काउंट विचित्र कमी आणि एमसीएचसी (लाल पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते) ३६ च्या वर असेल तर कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन असू शकतं, म्हणजे अशा अँटीबॉडी ज्यांच्यामुळे थंडीत पेशी एकमेकींना चिकटतात आणि मशीन फसतं, सॅम्पल ३७ डिग्रीला गरम करून परत लावावं लागतं.

रक्त चढवण्याचं म्हणाल तर १९९९ च्या एका मोठ्या कॅनेडियन अभ्यासात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले पेशंट, १० च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत. म्हणून ८.८ ला डॉक्टर थांबलेत ते बरोबरच वाटतं. हार्टचा त्रास असेल तर मर्यादा थोडी वरची ठेवतात, तो असेल तर आजच सांगून ठेवा.