काळ्या गाडीवर उन्हात गोल ओरखडे दिसतात. पॉलिश करून सिरॅमिक कोटिंग मारावं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी काळी आहे, दोन वर्षं झाली, रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसता आणि आठवड्यातून एकदा धुता. सावलीत चकाचक दिसते, पण ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठून दिसतात. पॉलिश करून वर सिरॅमिक कोटिंग (रंगावर सुकून कडक होणारा पातळ पारदर्शक थर) मारावं, की घरीच काही करता येईल, हा तुमचा प्रश्न.

आधी उत्तर देतो: आज पॉलिश करू नका, आणि कोटिंग तर मुळीच नको. आधी पुसायची आणि धुवायची पद्धत बदला, ती एक-दोन महिने हातात बसू द्या, मग पॉलिशकडे वळा. हे ओरखडे त्या कोरड्या फडक्यानेच पडलेत. फडकं चालू ठेवून पॉलिश केलंत तर काही आठवड्यांत बॉनेट पुन्हा होतं तिथेच येईल.

हे ओरखडे खरं तर गोल नसतातच. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. जाळं टॉर्चबरोबर सरकतं. असंख्य बारीक चरे सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं झाल्याचा भास होतो. चरे काळ्या रंगात नसून त्यावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये असतात. कारखान्यातून आलेला रंग प्रायमरसकट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५०. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा, म्हणजे हा थर केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे चरा भरणं नव्हे. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणणं म्हणजे पॉलिश. उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. एकदा गेलेला थर कुठल्याही बाटलीतून परत येत नाही, म्हणून मी तो जपून खर्च करायला सांगतो.

आता रोजचं पुसणं. धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरड्या फडक्याखाली ती सँडपेपरचं काम करते. धूळ बसलेली राहू द्या, ती नुसती बसून रंगाचं काही बिघडवत नाही. अगदीच सहन होत नसेल तर रिन्सलेस वॉश वापरा, म्हणजे पाण्यात मिसळून पुसायचं आणि नंतर धुवावं न लागणारं द्रव. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं जुनं नाव. प्रमाण १:२५६, म्हणजे ४ लिटर पाण्यात १५ मिली, बस्स. जास्त घातलं तर चिकट ओघळ राहतात. तेच मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरून पॅनेल आधी ओलं करायचं, मिनिटभर थांबायचं, मग मिश्रणात भिजलेलं मायक्रोफायबर वजन न देता एकाच दिशेने ओढायचं. फडक्याची चौपदरी घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. दर ओढीला नवी बाजू. आठ संपल्या की दुसरं फडकं. वापरलेलं फडकं परत बादलीत बुचकळायचं नाही, नाहीतर सगळी माती त्या पाण्यात. चिखल किंवा जाड थर असेल तर हा प्रकार बाद. आधी पाण्याचा मारा हवाच.

आठवड्याच्या धुण्यात पहिला नियम: सावली आणि गार पत्रा. तळहाताची मागची बाजू लावून बघा, कोमट जरी लागला तरी थांबा. सुरुवात चाकांपासून करा, कारण तिथली घाण उडून धुतलेल्या अंगावर बसते. चाकांची बादली, ब्रश, फडकी वेगळी ठेवा. ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात, आणि ते फडकं चुकून दारावर फिरलं तर महिन्याभराची काळजी पाण्यात. मग पूर्ण गाडीवर शांपूचा फोम (दाट फेस) मारा, ३ ते ५ मिनिटं राहू द्या, सुकण्याआधी पाण्याने उतरवा. प्रेशर वॉशरचा फवारा पसरट, आणि नोझल पत्र्यापासून किमान ३० सेंटीमीटर दूर. हात न लावता जितकी घाण निघेल तितके ओरखडे वाचले.

हाताने धुताना दोन बादल्या घ्या. एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी, आणि जमलं तर दोन्हींच्या तळाशी जाळी. लोकरीचा किंवा मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवा, एक पॅनेल धुवा, साध्या पाण्यात जाळीवर घासून मोजा मोकळा करा, मग परत शांपू. सपाट स्पंज नको. त्यात कण आत शिरायला जागाच नसते, ते पृष्ठभागावर अडकून रंगावर घासत राहतात. वरून खाली या, आणि दाराचा खालचा पट्टा व मागचा बंपर सगळ्यात शेवटी, शक्यतो दुसऱ्या मोज्याने. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नको. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, कितीही झटकला तरी. भांडी घासायचा साबण वापरू नका, तो वॅक्स उतरवतो आणि रबर कोरडं पाडतो. शांपू न्यूट्रल पीएचचा (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा), बाटलीवर लिहिलंय तेवढाच.

शेवटी पाइपाचं नोझल काढून टाका आणि वरून संथ धार सोडा. पाणी चादरीसारखं घसरतं आणि बरंचसं स्वतःबरोबर घेऊन जातं. उरलेलं टिपायला पिळाच्या धाग्यांचा मोठा ड्राइंग टॉवेल अंथरा आणि दोन टोकांना धरून अलगद ओढा. घासायचं नाही. पाणी जड (क्षार जास्त असलेलं) असेल तर थेंब सुकून पांढरे डाग पडतात; ते ताजे असताना पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून मिनिटभर लावलं आणि भरपूर पाण्याने धुतलं की जातात. तरीही कडं दिसत राहिलं तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लाय. तिथे पॉलिशच लागेल.

फडक्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तिथेच मेहनत वाया जाते. नवीन मायक्रोफायबर आल्या आल्या त्याचं लेबल कापा. शिवण कडक असेल तर ते फडकं आतल्या कामाला ठेवा. शंका असेल तर जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर दहा वेळा फिरवून बघा, चरे दिसले तर ते रंगाच्या आसपास आणू नका. धुताना सुती कपड्यांत मिसळायचं नाही, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही (धाग्यांवर थर बसतो, पाणी शोषणं बंद होतं), आणि कडक उष्णतेत वाळवायचं नाही.

एवढं जमलं की पॉलिश. त्याआधी रंगाला चिकटलेलं सगळं उतरवावं लागतं. गाडी धुऊन आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव) मारा. मी कारप्रोचं आयर्न एक्स वापरतो. बहुतेक सगळ्यांचं रसायन एकाच जातीचं असतं. लोखंडाचा कण भेटला की जांभळे ओघळ येतात, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो सहन करावाच लागतो. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, ३ ते ५ मिनिटांत धुवा, सुकू देऊ नका. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून खरखर कळतं. खरखर असेल तिथेच क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर वंगण मारून, तरंगत्या हाताने. घाण दिसली की क्ले दुमडून नवी बाजू वर आणा. खाली पडला की फेकून द्या. काळ्या रंगावर क्लेचे स्वतःचे बारीक ठसे उठतात, म्हणून नंतर पॉलिश करणार नसाल तर क्लेच्या वाटेला जाऊ नका.

मशीन ड्युअल ॲक्शन घ्या, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतो आणि हेलकावेही घेतो असं; १५ मिलिमीटर थ्रोचं (हेलकाव्याचा आवाका), १२५ मिलिमीटर बॅकिंग प्लेटचं (पॅड चिकटवायची चकती). रोटरी, म्हणजे पॅड नुसता एकाच अक्षाभोवती फिरवणारं मशीन, नवशिक्याच्या हातात देऊ नये. ते एका जागी उष्णता साठवतं, आणि काळ्या रंगावर उन्हात लाटांसारखी होलोग्रामची नक्षी सोडतं. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर पॅड काम करतोय; नुसती थरथरताना दिसली तर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरका धरलाय. ही एक रेघ कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते.

सुरुवात बॉनेटवरच्या ४० बाय ४० सेंटीमीटरच्या चौकोनात, आणि सगळ्यात सौम्य जोडीने: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश (सगळ्यात कमी घासणारं). मऊ काळ्या रंगावर मेग्वायर्सचं एम २०५ मला सगळ्यात समंजस वाटतं. ते बराच वेळ ओलं राहतं, घाई करायला लावत नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मंद गतीवर पसरवा, मग मशीनच्या डायलवर गती ४ ते ५. हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर एवढाच पुढे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, आधी आडवे मग उभे, असे एकूण चार ते सहा फेरे. मग पुसा आणि टॉर्च धरा. चरे बऱ्यापैकी राहिले तर आधी पॉलिश तेच ठेवून पॅड थोडा कडक घ्या. तेही पुरलं नाही तरच मेंझेर्ना ४०० सारखं कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश. त्याचे अपघर्षक कण घासता घासता बारीक होत जातात, म्हणून फेरे अर्धवट सोडले तर धूसरपणा मागे राहतो. कंपाउंडनंतर फिनिशिंगचा फेरा आलाच.

पुसल्यावर चमक बघून लगेच खूश होऊ नका. पॉलिशमधली तेलं चरे तात्पुरते भरतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल करून पुसा आणि मग टॉर्च धरा. जे दिसेल ते खरं. याहून तीव्र मिश्रण मऊ रंगाला त्रास देतं.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा कडांवर. पॅनेलची कड आणि दाराच्या लांब उभार रेषा इथे रंग आधीच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो. मास्किंग टेप लावा, रेषेच्या दोन्ही बाजूंनी काम करा, रेषेवरून नको. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो उष्णता पसरवत नाही, त्यामुळे रंग पटकन तापतो. तिथे गती कमी, फेरे कमी. पॉलिशची पावडर उडत असेल तर पॅड कोरडा आहे किंवा भरून गेलाय. प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने झाडा आणि दोन पॅनेलनंतर पॅड बदला. धूसर ढग दिसला तर त्या रंगाला पॅड जास्त कडक होतोय. आणि नख अडकतं असा चरा दिसला तर त्याच्या मागे लागू नका. तो तळापर्यंत काढायला जाल तर क्लिअर कोट संपेल. कडा बोथट झाल्या की तो नजरेत कमी भरतो, तेवढ्यावर थांबायचं. गाडीचं एखादं पॅनेल आधी रंगवलेलं असेल तर जाडी मोजायचं यंत्र लावल्याशिवाय त्यावर कंपाउंड नको.

मॅट (चमक नसलेल्या) रंगाच्या गाडीला पॉलिशचं यातलं काहीही लागू नाही. तिथे पॉलिश म्हणजे कायमचा चकचकीत डाग.

आता कोटिंग. कोटिंगच्या जाहिरातीत दिसणारा ९एच हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे; दगड-हिऱ्यांच्या मोजपट्टीतला ९ तो नव्हे. सुकल्यावर कोटिंगचा थर साधारण एक मायक्रॉनच्या आसपास उरतो. तो पाणी झटकतो, घाण सहज सुटू देतो, धुणं सोपं करतो, आणि ही कामं तो खरोखर छान करतो. पण कोरड्या फडक्याचे ओरखडे तो अडवत नाही आणि उडालेले खडे तर नाहीच. खड्यांसाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लागते, रंगावर चिकटवायची १५० ते २०० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म. शिवाय कोटिंगखाली राहिलेले चरे तसेच बंद होतात. ते काढायचे तर कोटिंगसकट घासावं लागतं.

म्हणून पॉलिशनंतर तुम्हाला पहिले सहा महिने मी साधं वॅक्स सुचवेन. कॉलिनाइट ८४५ चार महिन्यांच्या आसपास तग धरतं. थंडीत घट्ट होतं, बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवा. लावताना थर इतका पातळ की दिसता न दिसता. जाड लावलं की पुसताना हात दुखतात आणि फायदा काहीच नाही. या काळात हात चुकला तरी हरकत नाही, वॅक्स उतरवून पुन्हा हलकं पॉलिश करता येतं.

सहा महिन्यांनी टॉर्चखाली बॉनेट स्वच्छ दिसलं तर कोटिंग जरूर करा. एका वेळी ६० बाय ६० सेंटीमीटर, लावल्यावर इंद्रधनुषी छटा उमटली की (हवामानाप्रमाणे एक ते तीन मिनिटं) आखूड धाग्याच्या फडक्याने सपाट करा, आणि बाजूने दिवा धरून तपासा. राहिलेला जाड डाग दुसऱ्या दिवशी फक्त पॉलिशने निघतो. पहिला दिवस पाणी नको, आठवडाभर शांपू नको. कोटिंग पुसलेली फडकी धुऊन परत वापरू नका, त्यात ते कडक होऊन बसतं.

पक्ष्यांच्या विष्ठेसाठी मात्र धुण्याच्या दिवसाची वाट बघू नका. तिच्यातलं आम्ल उन्हात तापलेल्या क्लिअर कोटला काही तासांतही खातं, कोटिंग असलं तरी. रिन्सलेसच्या मिश्रणाची छोटी बाटली आणि दोन फडकी डिकीत ठेवा. ओलं फडकं डागावर पाच मिनिटं नुसतं ठेवायचं, डाग मऊ झाला की वर उचलून घ्यायचा. घासायचा नाही, त्यात वाळूचे कण असतात.