धरणातले आठ बॉम्ब

प्रश्न : लहानपणी निन्जा टर्टल्सच्या आठ-बिट गेममध्ये मी कधीच पाण्याखालच्या धरणापुढे गेलो नाही. आता तोच गेम कोवाबंगा कलेक्शनमध्ये, म्हणजे टर्टल्सच्या जुन्या गेम्सच्या संचात, घेतला. मुलगी नऊ वर्षांची आहे, शेजारी बसून बघते. धरण अजूनही जमत नाही. खेळ थोडा मागे नेणारं रिवाइंडचं बटण वापरलं तर ती चीटिंग ठरेल का? आणि मुळात धरण पार करायचं कसं? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचताना इचलकरंजीची माझी मे महिन्याची सुट्टी आठवली. मामेभावाकडे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम होता आणि कॅसेट आम्ही दिवसाच्या भाड्याने आणायचो. फुंकून घातली की चालायची. हा गेम सेव्ह होत नाही, त्यामुळे लाइट गेली की पुन्हा पहिल्या गटारापासून सुरुवात. त्या सुट्टीत धरण आम्हाला दोनदाच दिसलं.

कोनामीने १९८९ मध्ये काढलेल्या या गेममध्ये दुसऱ्याच टप्प्यावर २ मिनिटं २० सेकंदांत आठ बॉम्ब निकामी करायचे असतात. पोहताना हत्यार चालत नाही आणि गुलाबी विजेचं शेवाळ अंगाला लागलं की शक्ती झरझर उतरते. आम्ही दोघंही लिओनार्डो या एकाच कासवाला घेऊन उतरायचो आणि तो पकडला जाईपर्यंत सोडायचो नाही. खरी चूक तीच होती, आणि ती कळायला मला वीस वर्षं लागली. इथे कासव एक नाही, चार आहेत, आणि प्रत्येकाची शक्ती वेगळी मोजली जाते. स्टार्ट दाबून केव्हाही बदलता येतं. शेवाळाच्या अरुंद वाटेत राफाएल किंवा मायकेलअँजेलोला पुढे करा. त्यांची हत्यारं जवळच पोचतात, म्हणून त्यांनी मार खाल्लेला परवडतो. शक्तीची पट्टी अर्धी झाली की दुसऱ्याला आणा. डोनाटेलोला मात्र जपा. त्याची काठी हळू चालते, पण लांबवर पोचते आणि मारही जबर बसतो. पुढच्या मोठ्या शत्रूंसाठी तोच लागणार आहे. एखादं कासव पकडलं गेलं तरी पुढच्या टप्प्यांत त्याला सोडवता येतं, म्हणून धीर सोडू नका.

आता रिवाइंड. माझ्या मते अगदी खुशाल वापरा, पण आधी वाट शिकण्यासाठी. आठ बॉम्ब कुठे आहेत, कोणत्या क्रमाने घेतले की मागे फिरावं लागत नाही, हे दोन-तीन फेऱ्यांत कागदावर काढा. हे काम मुलीकडे द्या; मामेभाऊ आणि मी वहीच्या मागच्या पानावर काढायचो, आणि ते पान खेळण्याइतकंच आवडायचं. मग रिवाइंड न वापरता उतरा. वाट पाठ असली की २ मिनिटं २० सेकंद पुरतात.

आणखी दोन गोष्टी. इमारतीतून बाहेर पडून पुन्हा आत गेलात की शक्ती भरून देणारा पिझ्झा परत तिथेच असतो. शक्ती कमी असेल तर तेवढी येरझार घाला, घाई करू नका. आणि तिसऱ्या टप्प्यातल्या गटारात छत खाली आलेलं आहे आणि समोर एक छोटी फट आहे. तिथे उडी मारली की डोकं आपटून पाण्यात पडता. उडी मारूच नका, सरळ चालत जा, कासव फट ओलांडतं.

धरण पार झालं की तिसऱ्या टप्प्यावर टर्टल्सची गाडी चालवायला मिळते. तेव्हा कंट्रोलर मुलीच्या हातात द्या.