रिफ्ट व्हॅली ताप : ‘थोडं थांबून बघू’ नको

रिफ्ट व्हॅली ताप हा मेंढ्या-गुरांचा विषाणूजन्य रोग, तो माणसांनाही होतो. पूर्व आफ्रिकेत आणि आखातात कामाला असलेल्या वाचकांकडून या तापाबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात. निम्मी पत्रं ‘असं ऐकलं की’ने सुरू होतात. एकदाची उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न : हा रोग भारतात आहे का?

नाही. आफ्रिका आणि अरबी द्वीपकल्पाबाहेर त्याची साथ आजवर नोंदलेली नाही.

प्रश्न : केनियाहून आलेल्या भाच्याला ताप आहे. त्याच्या जवळ जावं का?

खुशाल जा. हा रोग माणसाकडून माणसाला झाल्याची नोंद नाही. पण भाच्याला आजच डॉक्टरांकडे न्या. कुठून आला, जनावरांत वावरला का, हे त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगा. मलेरियाही तपासावा लागेल. बहुतेकांचा ताप आठवड्याभरात उतरतो. नंतर नजर अंधुक झाली, तर नेत्रतज्ज्ञ गाठा.

प्रश्न : टांझानियात मी सांभाळतो त्या फार्मवर जोराच्या पावसानंतर बऱ्याच मेंढ्या एकदम गाभडल्या (त्यांचा गर्भपात झाला), कोकरंही मेली. गडी म्हणतात, ओला चारा बाधला. थोडं थांबून बघू का?

अजिबात नाही. चारा बाधलाही असेल, पण ते तपासणीनंतर म्हणायचं. हा रोग १९३१ मध्ये उजेडात आला तो केनियात नैवाशा सरोवराजवळच्या मेंढ्यांच्या साथीमुळेच. विषाणू एडिस डासांच्या अंड्यांत, कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतो. अतिवृष्टीत सखल भागात पाणी साचलं की बाधित डास निघतात, मेंढ्या-गुरांना चावतात आणि पुढे क्युलेक्ससारखे डास रोग पसरवतात. गाभण मेंढ्या धडाधड गाभडणं ही त्याची पहिली हाक.

उपग्रह आहेत ना, असं काहीजण लिहितात. आहेत. समुद्राचं तापमान, पाऊस आणि जमिनीवरची हिरवळ पाहून धोक्याचा प्रदेश सांगता येतो. २००६ मध्ये पूर्व आफ्रिकेसाठी असे इशारे वेळेत मिळाले होते. डिसेंबरात केनियाच्या गारिसा भागात माणसं आजारी असल्याचं समोर आलं, आणि जनावरांच्या लसीकरणाने वेग घेतला तो त्याहीनंतर! इशारा कागदावर राहिला की असं होतं. शिवाय कोणत्या वाड्यात मेंढी गाभडली हे उपग्रहाला दिसत नाही. ते तुम्हीच कळवायचं. विक्री बंद होईल म्हणून मालक गप्प बसतात. त्यांची अडचण कळते, पण तोवर गडी उघड्या हातांनी मेलेली कोकरं उचलत असतात. माणसांना लागण मुख्यतः अशीच होते, आजारी जनावराच्या रक्तातून आणि अवयवांतून.

तेव्हा सरकारी पशुवैद्याला आजच कळवा. मेंढीची पडलेली वार (गर्भाची नाळ-वेष्टणं), मृत गर्भ यांना कुणी हात लावू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. आजारी मेंढी कापू नका, कळप हलवू नका. नमुने पशुवैद्यच घेतील. गड्यांपैकी कुणाला ताप आला, तर त्याला दवाखान्यात पाठवा.

प्रश्न : एजंट म्हणतो, आजच सगळ्या कळपाला लस टोचू.

त्याला परत पाठवा. लस साथीआधी द्यायची असते. साथ सुरू झाल्यावर एकाच सुईने अनेक जनावरांना टोचलं, तर सुईच विषाणू पसरवते. जुन्या जिवंत लशीने गाभण मेंढ्या गाभडतात, हे एजंट सांगत नाही. निर्णय पशुवैद्याचा.

प्रश्न : डास पळवणारं ध्वनियंत्र घ्यावं का?

थोतांड. मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि डास दूर ठेवणारं मलम वापरा.

प्रश्न : दूध, मटण चालेल का?

दूध उकळून, मटण पूर्ण शिजवून. आजारी जनावराचं मात्र काहीच नको.

प्रश्न : मेलेली कोकरं पुरून टाकली. आता तपासणार काय?

उरलेल्या मेंढ्यांचं रक्त. त्यातल्या प्रतिपिंडांवरून लागण कळते. पशुवैद्याला बोलवा, खड्डा उकरू नका.