नागपूरजवळ सापडलेलं फूल कुठल्याच पुस्तकात नाही. ती नवी प्रजाती असू शकते का? नाव कसं देतात?

असू शकते. पण पुस्तकात नाही म्हणजे नवीच, असं नसतं.

तुम्ही लिहिलंय, अंबाझरीच्या बाजूला श्रावणात केन्यासारखं निळं फूल दिसलं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. गोरेवाड्याकडचा असाच एक केना मी दोन पावसाळे नवा समजत होतो. शेवटी बिया भिंगाखाली धरल्या आणि तो जुनाच निघाला. केन्यात बीवरची नक्षी फुलाइतकीच महत्त्वाची असते. त्याची फुलं दुपारपर्यंत मिटून विरघळतात, रद्दीत दाबली तर नुसता डाग उरतो. म्हणून सकाळीच जा. दोन-चार फुलं स्पिरिटमध्ये ठेवा, एखादं रोप मुळासकट रद्दीत दाबा आणि कागद रोज बदला, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येतेच. रंग, जागा, तारीख तिथल्या तिथे लिहा. रोपं दोन-तीनच असतील तर उपटू नका, फोटो आणि मापं पुरेत. जागा वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या.

खरं काम पुढे आहे. त्या कुळीत 1753 पासून दिलेली नावं शोधायची आणि जवळच्या प्रत्येक प्रजातीचा मूळ नमुना, म्हणजे टाइप, पाहायचा. बरेच नमुने आता स्कॅन करून ऑनलाइन आहेत. यात वर्षं जातात. 2010 सालच्या एका अभ्यासात दिसलं की नव्या प्रजातींपैकी जेमतेम 16 टक्क्यांचं वर्णन नमुना गोळा केल्यावर 5 वर्षांत झालं होतं. जवळजवळ चतुर्थांश प्रजातींचे नमुने तर 50 वर्षांहून जुने होते. कपाटात पडून होते, ओळखणारा डोळा हवा होता! म्हणून मला हर्बेरियममधले, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातले, ते जुने कागद रानाइतकेच मोलाचे वाटतात.

नाव लॅटिन वळणाचंच लागतं. वर्णन मात्र 2012 पासून इंग्रजीतही चालतं. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, ठरवून तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला ते शोधनिबंधात छापावं लागतं. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला 2023 मध्ये शिवरायांच्या नावावरून सेरोपेजिया शिवरायियाना हे नाव मिळालं, ते याच वाटेनं. स्वतःचं नाव देण्याची रीत नाही.

पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथे नमुना दाखवता येईल. फक्त त्याआधी फळं पिकू द्या आणि बिया घेऊन जा.